बद्द

तळघरात आजोबा माझ्या तळहातावर
एकदम पाच पुंगळ्या ठेवतात
आणि म्हणतात, खुळखुळव.

अडतीसच्या, पितळी, रिकाम्या.
मक्याच्या भुश्यात रात्रभर घोळून निघालेल्या,
तरी बुडाशी काळसर, जुन्या दातांसारख्या.
वर पट्टीएवढ्या खिडकीत बर्फ अर्ध्यावर चढलंय.
बाहेर उणे अठ्ठावीस. भट्टी घुरघुरते.

मी मूठ सैल बांधते, कानाजवळ नेते.
चांगलं पितळ किणकिणतं,
बशीत चमचे ठेवावेत तसं.
त्यांच्यात एक जरी तडकलेली असली
की पाचांचाही सूर बसतो:
बद्द.

"आहे," मी म्हणते.
मग एकेक काढून पुन्हा. चार. तीन.
सापडते. ओठापासून खाली उतरलेली चीर,
नखाला लागते, डोळ्याला नाही.
"नक्की, सिग्ने?"
नक्की.
ते पक्कड उचलतात आणि तिचं तोंड चेपतात,
चपटं, कायमचं,
चुकूनसुद्धा परत ढिगात जायला नको म्हणून.

हे काम आधी ते एकटेच करत.
पन्नास वर्षं दर गुरुवारी रेंजवर,
त्यातली पहिली वीस कानात कापूससुद्धा न घालता.
आता हॉगनला "ऑर्विल!" असं दोनदा ओरडावं लागतं.
बारीक आवाज तर त्यांच्यापर्यंत येतच नाहीत:
चिमण्या नाहीत, मायक्रोवेव्हची घंटी नाही,
पितळ नाही.
त्यांना सगळंच बद्द.

फळीवर कॉफीचे डबे. आर्डिसआजीचं अक्षर.
चिकटपट्टीवर शिसपेन्सिलीच्या रेघा,
चार उभ्या, पाचवी आडवी,
दर भरणीला एक.
नेम तिचा त्यांच्यापेक्षा बरा होता,
हिशेबाचं तर विचारूच नका.
अकरा रेघांवर डबा थांबलाय.
त्यानंतर तीन हिवाळे ते भरत राहिले,
रेघ कुणी ओढायची ते ठरलं नाही.
म्हणून आता कुठली पुंगळी किती वेळा उडाली
हे मुठीत घेतल्याशिवाय कळत नाही.

पितळ म्हातारं कशानं होतं, ते सांगतात.
आगीनं फारसं नाही. आग काय, क्षणभराची.
आपणच दर वेळी तिला साच्यात आवळतो,
मग गोळी बसावी म्हणून तोंड जरासं फाकवतो,
मग परत मिटवतो.
फाकव, मिटव. फाकव, मिटव.
तिथंच ती कडक होत जाते,
तार वाकवून वाकवून तोडतो ना, तशी तिथंच जाते.
माणसांचंही असंच असतं,
असलं काही ते म्हणत नाहीत.
ते म्हणतात, पुढच्या पाच घे.

पुढच्या पाचांत एकीच्या बुडावर लाल ठिपका.
आजीची नेलपॉलिश.
रेंजवरच्या गवतातून आपलं पितळ ओळखू यावं
म्हणून ती लावायची. वर्षभरात मला दिसलेली ही पहिलीच.
खुळखुळवलं.
पुन्हा खुळखुळवलं.
"वाजतायत," मी म्हटलं.

आजोबांनी पाची घेतल्या,
लाल ठिपक्याची बरोबर उचलली,
अंगठ्याचं नख तिच्या ओठावरून गोल फिरवलं.
नख अडकलं. मी बघत होते.
"कान आजीचे घेतलेस," ते म्हणाले,
"थापा मारणं तिलाही जमायचं नाही."
आणि पक्कड. आणि चपटं तोंड.

बादली बर्फ वितळल्यावर
मिनॉटचा भंगारवाला वजनावर नेईल.
चेपलेली असूनही
बादलीत पडताना ती छान खणकन वाजली.
आजोबा तोवर पुढचा डबा उघडत होते,
आणि झाकण निघत नव्हतं,
म्हणून मी शर्टाच्या टोकानं धरून ते फिरवून दिलं.